दहा मिनिटं घड्याळ लावून: मांजराची औषधी अंघोळ

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे, सत्तावीस वर्षं झाली. आमच्या गोदामात मांजरं कायमची असतात. पोती आली की उंदीर आलेच, आणि खाण्याच्या मालाजवळ उंदरांचं विष ठेवायला आमच्या शेठना कधीच पटलं नाही. हंगामात नवी हळद यायला लागली की पिवळी धूळ सगळीकडं बसते. आमची पांढरी भाटी आहे, सेलम. तिचे चारही पाय मेपर्यंत हळद लागलेल्या नवरीसारखे असतात.

हे आधी सांगायचं कारण असं, की मांजराचे केस गेले, खपली धरली, की आमच्याकडं पहिला सल्ला एकच येतो. हमाल म्हणाले, "दिवाणजी, हितं पोत्यानं हळद हाय, लावा की उगाळून." गल्लीतल्या काकूंनीही तेच सांगितलं. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मला अभिमान आहे, माझं घर तिच्यावर चालतं. पण दिवसरात्र त्याच हळदीत लोळणाऱ्या मांजरांना नायटा झाला, आणि हळदीनं तो हलला नाही. औषधी अंघोळ, पोटातलं औषध आणि घराची सफाई या तिन्हींनी मिळून तो गेला. त्यातली अंघोळ कशी घालायची हे आम्हाला नीट सांगणारं कुणी नव्हतं. बाटलीवर चार ओळी असतात, डॉक्टरांकडं गर्दी असते. म्हणून मी सविस्तर लिहितोय.

झालं असं. मार्चमध्ये वसमतकडून आलेल्या एका ट्रकमधून पोती उतरवताना एक पिल्लू निघालं. तीन-साडेतीन महिन्यांचं असेल. हळकुंडाचा बारीक तुकडा म्हणजे कणी, तेवढंसंच होतं म्हणून नाव कणी ठेवलं. तिच्या उजव्या कानामागं रुपयाएवढी जागा उघडी होती, कडेचे केस तुटके, त्यावर राखेसारखा कोंडा. खाजवत फारशी नव्हती, त्यामुळं आम्हाला वाटलं कुठंतरी घासलं असेल. मुलगी म्हणाली घरी आणूया. आणली. अडीच आठवड्यांत सेलमच्या नाकाजवळ आणि पुढच्या पायावर तसेच डाग आले, आणि मुलीच्या दंडावर लाल कडेची गोल चकती उमटली.

आधी रोग ओळखून घ्या

तिथंच माझी पहिली चूक झाली. डॉक्टरांकडं जायच्या आधीच मी अंघोळ घातली, आणि पाण्यात घरातलं जंतुनाशक टाकलं. जखमा धुवायला वापरतो ते, पाण्यात पडलं की दुधासारखं पांढरं होणारं. कणीनं अंग चाटून कोरडं केलं आणि संध्याकाळी तिच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबू लागल्या. दुसऱ्या दिवशी जीभ सोलवटलेली, खाण्याजवळ येई आणि मागं सरके. तीन दिवस तिला सिरिंजनं पातळ खाणं भरवावं लागलं. ते तीन दिवस मी विसरू शकत नाही, कारण ते मी तिला दिले होते.

डॉक्टर मॅडमनी तेव्हा जे सांगितलं ते या सगळ्या लिखाणाचं मूळ आहे. माणसाच्या अंगाला लावलेलं अंगावर राहतं. मांजराच्या अंगाला लावलेलं तासाभरात तिच्या पोटात असतं, कारण ती जिभेनं अंग धुते. त्यात मांजराचं यकृत आपल्यासारखं किंवा कुत्र्यासारखं नाही. फिनॉलच्या जातीची रसायनं आणि बरीच औषधं शरीराबाहेर काढायला जी प्रक्रिया लागते, ती मांजरात फार दुबळी आहे. म्हणून आपल्याला साधी वाटणारी वस्तू तिच्या अंगात साठत जाते.

तपासणी फार अवघड नसते. मॅडमनी खोलीत अंधार केला आणि जांभळट उजेडाचा दिवा, वुड्स लॅम्प, कणीच्या कानामागं धरला. तुटक्या केसांचे बुंधे पोपटी चमकले. मांजरांतला बहुतेक नायटा मायक्रोस्पोरम कॅनिस नावाच्या बुरशीमुळं होतो, आणि तीच या दिव्यात चमकते, पण दर वेळी चमकेलच असं नाही. म्हणून मॅडमनी थोडे केस उपटून कल्चरसाठीही पाठवले, म्हणजे प्रयोगशाळेत बुरशी वाढते का ते बघायला. त्याचा रिपोर्ट यायला दोन-तीन आठवडे लागतात. बुरशी सावकाश वाढते, त्याला इलाज नाही.

डाग दिसला म्हणजे नायटाच, असंही नाही. कानाच्या कडांवर आणि कपाळावर जाड करडी खपली, मांजर वेड्यासारखं खाजवतंय, तर ती बहुधा खरूज. ती किड्यांची असते, तिला अंघोळीपेक्षा डॉक्टरांनी दिलेलं मानेवरचं थेंबाचं औषध किंवा इंजेक्शन लागतं. पाठीवर शेपटीच्या बुंध्याकडं हात फिरवला की मोहरीएवढ्या खपल्या लागतात, तिथं पिसवांची ॲलर्जी धरा. बारीक दातांची फणी फिरवा, निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवा. भोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. हनुवटीखाली काळे ठिपके असतील तर आधी प्लॅस्टिकची वाटी काढून स्टीलची ठेवा आणि ती रोज घासा. पांढऱ्या मांजराच्या कानांची टोकं उन्हाळ्यात लाल होऊन सोलत असतील तर अंघोळीत वेळ घालवू नका, उन्हानं भाजलेली ती कातडी पुढं कर्करोगाकडं जाऊ शकते, लगेच दाखवा.

काय लावायचं नाही

हे मी ठासून सांगतो, कारण औषधाच्या दुकानात, शेती सेवा केंद्रात आणि शेजारीपाजारी मिळणाऱ्या बऱ्याच गोष्टी मांजराला मारू शकतात.

कुत्र्याच्या गोचिडांची पावडर, साबण किंवा मानेवर टाकायचे थेंब मांजराला लावू नका. त्यात परमेथ्रिन असलं तर मांजराला थरथर सुटते, झटके येतात, जीव जातो. "थोडंसंच लावतो" हा हिशेब इथं चालत नाही. गुरांच्या गोचिडांसाठीचं ॲमिट्राझही नको. माणसाच्या खरजेचं बेंझिल बेंझोएटचं पांढरं लोशन नको. काळं फिनाईल अंगाला तर नकोच, मांजर बसतं त्या फरशीलाही नको. क्लोरोझायलेनॉल असलेलं जंतुनाशक नको, सेट्रिमाइड असलेलं नको. लेबल वाचा, ही नावं बारीक अक्षरात लिहिलेली असतात. टी ट्री तेल नको. नैसर्गिक आहे म्हणून ते विकलं जातं, पण मांजराला त्याची विषबाधा होते. कोल टार किंवा सॅलिसिलिक ॲसिड असलेला माणसाचा कोंड्याचा शांपू नको. खाज, ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉल तर कधीच नको. अर्ध्या गोळीनंही मांजर दगावू शकतं.

हळदीबद्दल माझं मत विचाराल तर सांगतो. ती वरच्यांएवढी घातक नाही, पण बुरशी केसाच्या आत शिरलेली असते, तिथवर हळदीचा लेप पोचत नाही. उलट पिवळ्या थरामुळं डाग वाढतोय की कमी होतोय ते दिसत नाही आणि दोन-तीन आठवडे हातचे जातात. तेलात कालवून लावली तर केस चिकटून आणखी मळ धरतो.

बाटली आणि तयारी

मॅडमनी आम्हाला दिला तो शांपू दोन टक्के क्लोरहेक्सिडिन आणि दोन टक्के मायकोनाझोलचा होता. नायट्यासाठी जगभरचे पशुवैद्य हीच जोडी सुचवतात. दुकानदार कधी कधी नुसत्या क्लोरहेक्सिडिनची बाटली पुढं करतो, त्यानं जीवाणू मरतात, नायट्याला ते एकटं पुरत नाही. ऑपरेशनआधी हात धुवायचं चार टक्क्यांचं क्लोरहेक्सिडिन मिळतं, ते मांजरासाठी नाही. टक्के बघून घ्या.

अंघोळीच्या आदल्या दिवशी नखं कापा. त्याच दिवशी दोन्ही कामं केलीत तर मांजर दोन्हींना घाबरायला शिकतं. नखाची फक्त पारदर्शक टोकं कापायची, आत गुलाबी शीर दिसते तिच्या अलीकडं थांबायचं. लांब केसांचं पर्शियन असेल आणि केसांच्या गाठी झाल्या असतील, तर पाणी लावण्याआधी त्या सोडवा, ओली गाठ दगडासारखी आवळते. डागांभोवतीचे केस कापायचे तर बोथट टोकाच्या कात्रीनं. मशीन घासून बारीक ओरखडे पडतात आणि बुरशी त्यातून पसरते. आखूड केसांच्या मांजराला भादरायची सहसा गरज नसते, आमच्या दोघींना भादरलं नाही. फणी आणि कात्री गॅलरीत किंवा गच्चीवर, वर्तमानपत्रावर वापरा, हातात मोजे, तोंडाला मास्क. कागद गुंडाळून केसांसकट जाळून टाका.

वेळ सकाळी अकरा-साडेअकराची. पोट भरल्या भरल्या नको. आम्ही सकाळी सातला खायला द्यायचो.

न्हाणीघरात मांडामांड अशी. एक पसरट प्लॅस्टिकचा टब, दोन बादल्या कोमट पाणी, एक मग, मोजून घेतलेला शांपू, चार धुतलेले पंचे, एक छोटं मऊ फडकं, आणि दिसेल असं घड्याळ. टबाच्या तळाला काहीतरी खडबडीत अंथरा. पाय घसरले की मांजराला वाटतं आपण बुडतोय, आणि मग ते तुमच्या अंगावर चढतं. निम्मे ओरखडे या एका गोष्टीनं वाचतात. मी दुकानातून नव्या बारदानाचा तुकडा आणायचो. त्यात नखं रोवून सेलम चक्क उभी राहायची. अंघोळ झाली की तुकडा बंबाच्या जाळात.

पाणी नळाचं घ्या. आमच्या भागात बोअरचं पाणी क्षाराचं असतं, त्यात शांपूचा फेस मरतो आणि केस चरचरीत होतात. कोमट म्हणजे किती? बाळाच्या पाण्यात कोपर बुडवून बघतात तसं बघा. मांजराच्या अंगाचं तापमान अडतीस-एकोणचाळीस अंश असतं, तेव्हा आपल्या हाताला सुखाचं लागतं त्याहून नावाला गरम चालतं. कढत नको.

आणि आधी दुसऱ्या साबणानं धुऊन काढू नका. साध्या साबणाचा अंश राहिला तर क्लोरहेक्सिडिन निकामी होतं.

अंघोळ

दार लावून घ्या. खिडकीही. दोन माणसं हवीत, एक धरणारं आणि एक धुणारं. आमच्याकडं बायको धरायची आणि मी धुवायचो, कारण सेलम तिच्या हातात गप्प बसते. मानगुटीला धरून लोंबकळवू नका. आई पिल्लाला तसं उचलते ते वय वेगळं. एक हात छातीखाली, बोटं पुढच्या दोन पायांच्या मधे, मांजराचं तोंड आपल्यापासून पलीकडं. टबात चार बोटं पाणी आधीच भरून ठेवा. वरून नळ सोडू नका, शॉवर तर नकोच, त्या आवाजानंच निम्मं मांजर पळतं.

मानेपासून खाली मगानं हळू पाणी सोडत केस भिजवा. मांजराचे केस पाणी लवकर आत घेत नाहीत, वरून पाणी ओघळतं आणि कातडी कोरडीच राहते. म्हणून केसांच्या उलट्या दिशेनं बोटं घालून कातडीला पाणी लागलंय ना ते बघा. या कामाला दोन मिनिटं तरी द्या. कोरड्या कातडीवर शांपू ओतला तर तो एका जागी बसतो.

मग शांपू. तळहातावर घेऊन थोड्या पाण्यानं सैल करायचा आणि लावायचा. बादलीभर पाण्यात कालवू नका, त्याचे टक्केच उरत नाहीत. तीन किलोच्या सेलमला मला साधारण पंधरा मिलीलिटर लागायचा, कणीला त्याच्या निम्म्याहून कमी. आधी डाग, मग त्यांच्या भोवतीचं अंग, मग सगळं अंग. नायट्यात नुसते डाग धुऊन चालत नाही, डोळ्याला निरोगी दिसणाऱ्या केसांवरही बुरशीचे कण बसलेले असतात. बगला, जांघा, शेपटीखाली, पंजाच्या बोटांमधे. घासायचं नाही, चोळायचंही नाही, बोटांच्या पेरांनी कातडीवर फिरवत जायचं.

तोंडावर शांपू नको. क्लोरहेक्सिडिन डोळ्यात गेलं तर बुबुळाला जखम होते, आणि कानाच्या पडद्याला भोक असेल तर आत जाऊन बहिरेपण येऊ शकतं. चेहरा नुसत्या ओल्या फडक्यानं पुसायचा. मात्र नाकाजवळ आणि कानाच्या कडांना नायटा हमखास लपतो, तिथं लावायला डॉक्टरांकडून मलम मागून घ्या. आम्हाला मायकोनाझोलचं मिळालं होतं, मटाराएवढं घेऊन बोटानं जिरवायचं. डोळ्यात चुकून फेस गेलाच तर सगळं सोडून आधी साध्या पाण्यानं डोळा धुवत राहा, आणि मग डॉक्टर.

आता घड्याळ बघा. शांपू अंगावर दहा मिनिटं राहिला पाहिजे. पूर्ण दहा. माझ्या मते सगळ्यात जास्त अंघोळी इथं फुकट जातात. मांजर ओरडतंय, हात दुखतायत, तीन मिनिटांत वाटतं झालं असेल. औषध बुरशीला मारतं ते त्या वेळात मारतं. लावून लगेच धुतलं तर तुम्ही मांजराला फक्त ओलं केलं आणि घाबरवलं. पहिल्या दोन अंघोळी आम्ही अंदाजानं घातल्या. नंतर मुलीनं मोबाईलवर वेळ लावून बघितली, तर आमची दहा मिनिटं खरं चार मिनिटांची होती.

ही दहा मिनिटं काढायची कशी? टबातलं पाणी काढून टाका. शांपू लावलेल्या मांजराला पंच्यात गुंडाळा, नुसतं डोकं बाहेर, आणि मांडीवर घ्या. गुंडाळल्यामुळं तीन गोष्टी साधतात. मांजराला थंडी वाजत नाही, ते अंग चाटू शकत नाही, आणि बहुतेक मांजरं गुंडाळल्यावर शांत होतात. तोंड खाली नेऊन पंचाच चाटायला लागलं तर गळ्यात प्लॅस्टिकचा कोन घाला. बायको आकाशवाणी सांगली लावायची, बारीक आवाजात. गाणी ऐकत सेलम तिच्या कोपरात नाक खुपसून बसायची. कणी मात्र पहिले तीन आठवडे दहाच्या दहा मिनिटं ओरडली. तिच्या कपाळावर अंगठा फिरवत राहिलो, तेवढंच करता येत होतं.

एक सूचना मनापासून. मांजर तोंड उघडून धापा टाकायला लागलं, जीभ निळसर दिसली किंवा एकदम लुळं पडलं, तर वेळ बघत बसू नका. धुवा, गुंडाळा, सोडा. घाबरून मांजराचा जीव जाऊ शकतो. अशा मांजरासाठी अंगावर लावून ठेवायचा औषधी फेस किंवा औषधी पुसण्या मिळतात, डॉक्टरांशी त्याबद्दल बोला.

धुणं लावण्याइतकंच महत्त्वाचं आहे, वेळ मात्र त्याच्या दुप्पट. दुसऱ्या बादलीचं स्वच्छ कोमट पाणी मगानं घालत राहा, केसांमधून बोट ओढलं की बुळबुळीत लागता कामा नये. राहिलेला शांपू मांजर चाटणार, हे डोक्यात ठेवून धुवा. जांघेत आणि बोटांच्या मधे फेस लपून राहतो.

मग पुसणं. पंचा दाबून पाणी टिपायचं, घासायचं नाही. पहिला पंचा भिजला की दुसरा, मग तिसरा. हेअर ड्रायरच्या आवाजाला आमची दोघंही घाबरत, म्हणून तो कधी वापरला नाही. ओली कातडी बुरशीला आवडते, त्यामुळं कोरडं होईपर्यंत मांजराला गोदामात किंवा बाहेर सोडू नका. हिवाळ्यात खिडकीतल्या उन्हाचा पट्टा पुरतो. एप्रिल-मेच्या सांगलीच्या उन्हात मात्र बांधून ठेवू नका, सावलीतच वाळतं. पावसाळ्यात हे काम सगळ्यात अवघड. जूनमध्ये पाऊस लागल्यावर आम्ही शंभरचा पिवळा बल्ब लावून त्याच्यापासून हातभर अंतरावर टोपली ठेवायचो, आणि शेजारी कुणीतरी बसून राहायचं.

वाळल्यावर लगेच काहीतरी आवडीचं द्या. उकडलेल्या कोंबडीचे बिनमिठाचे चार तुकडे आम्ही फक्त अंघोळीच्या दिवशीच द्यायचो. पाचव्या आठवड्यानंतर सेलम बादलीचा आवाज ऐकून पलंगाखाली जायची, पण कोंबडीच्या वासानं आपणहून बाहेर यायची.

किती दिवस

नायट्यासाठी आठवड्यातून दोनदा. आमचे बुधवार आणि रविवार ठरलेले होते. यार्डातले सौदे लांबले, पाहुणे आले, काहीही झालं तरी वार चुकवला नाही. दोघींना एकाच दिवशी अंघोळ, नाहीतर धुतलेली न धुतलेलीला चाटते आणि पुन्हा तेच. ज्याला डाग नाही अशा घरातल्या तिसऱ्या मांजराचीही तपासणी करा, काही मांजरं डाग न दिसता बुरशी अंगावर वागवतात.

नुसत्या अंघोळीनं केसाच्या मुळातली बुरशी जात नाही, म्हणून पोटातून इट्राकोनाझोल दिलं. एक आठवडा रोज, एक आठवडा बंद, असं आलटूनपालटून, औषधाचे एकूण तीन आठवडे. मात्रा मांजराच्या वजनावर असते, ती डॉक्टरांनीच लिहायची. माणसाची शंभर मिलीग्रॅमची कॅप्सूल फोडून अंदाजानं देऊ नका. मांजरानं खाणं सोडलं किंवा उलट्या सुरू झाल्या तर औषध थांबवून त्याच दिवशी फोन करा.

चौथ्या आठवड्यात कणीच्या कानामागं मखमलीसारखे नवे केस आले. घरात सगळ्यांना वाटलं संपलं. मॅडम म्हणाल्या, केस येणं म्हणजे बरं होणं नव्हे, कल्चर सांगेल तेव्हा थांबायचं. पाचव्या आठवड्यातलं कल्चर पॉझिटिव्ह आलं. त्या दिवशी मन फार खट्टू झालं, पण आम्ही थांबलो असतो तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होती.

दोन महिन्यांच्या आतलं पिल्लू, गाभण भाटी, ताप असलेलं किंवा खाणं सोडलेलं मांजर, अंगावर उघडी जखम, यांना विचारल्याशिवाय अंघोळ घालू नका. आणि नायटा सोडून दुसऱ्या कारणासाठी शांपू दिला असेल तर वार आणि आठवडे वेगळे असतात, आमचं वेळापत्रक उचलू नका.

घर आणि माणसं

गळलेल्या केसांवर बुरशीचे कण कोरड्यात दीड वर्षापर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणून आम्ही दोघींना मागच्या खोलीत ठेवलं, जिथं गादी, सतरंजी, पडदे काही नव्हतं. पण कोंडून एकटं सोडलं नाही. पिल्लाला त्या वयात माणसाचा सहवास लागतोच, नाहीतर ते पुढं कायमचं बुजरं होतं. जुना शर्ट आणि लुंगी खुंटीला ठेवलेली असायची, ती घालून आत जायचं, बाहेर आलं की ती धुवायला, हात साबणानं.

झाडू मारू नका, केस हवेत उडतात. ओल्या फडक्यानं केस गोळा करा, मग साबणाच्या पाण्यानं फरशी धुवा, आणि शेवटी ब्लीचचं पाणी, लिटरभर पाण्यात तीस मिलीलिटर. फरशी दहा मिनिटं ओली राहू द्या, मग साध्या पाण्यानं पुसा. मळ तसाच ठेवून वर ब्लीच ओतलं तर त्याचा उपयोग होत नाही. ब्लीचमध्ये ॲसिड किंवा फिनाईल कधी मिसळू नका, आणि पूर्ण सुकेपर्यंत मांजराला दुसरीकडं ठेवा. पंचे आणि अंथरूण वेगळे, भरपूर पाण्यात दोनदा धुवायचे, मशीन कोंबून भरायची नाही. वेताची टोपली, दोरीचा खांब, जुनी फणी यांना स्वच्छ करायच्या नादी लागू नका, टाकून द्या.

मुलीच्या दंडाचं सांगायचं राहिलं. मेडिकलमधून कुणीतरी सुचवलेली ट्यूब आणून लावण्याआधी आम्ही तिला त्वचारोगतज्ज्ञांकडं नेलं, हे बरं केलं. त्यांनी सांगितलं की दुकानात गजकर्णावर सर्रास दिल्या जाणाऱ्या अनेक ट्यूबमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं असतं. त्यानं खाज दोन दिवसांत थांबते आणि बुरशी आतल्या आत फोफावते. तिला साधं बुरशीनाशक मलम महिनाभर लावावं लागलं. घरात लहान बाळ, मधुमेहाचे पेशंट किंवा केमो सुरू असलेलं कुणी असेल तर त्यांना मांजराची अंघोळ करायला देऊ नका.

आमचं पहिलं स्वच्छ कल्चर आठव्या आठवड्यात आलं, दुसरं दहाव्यात. दोन लागोपाठ स्वच्छ आल्यावरच मॅडमनी अंघोळी बंद करायला सांगितल्या. तोवर पावसाळा सुरू झाला होता. टब घासून, ब्लीचनं धुऊन गॅलरीत पालथा घातला. उरलेली बाटली कपाटात ठेवली आहे, तिच्यावर उघडल्याची तारीख मार्करनं लिहून.

आता यार्डात ट्रकमधून एखादं पिल्लू उतरलं की ते सरळ गोदामात जात नाही. दुकानामागच्या छोट्या खोलीत तीन आठवडे राहतं, कारण बुरशी लागल्यापासून डाग दिसायला एक ते तीन आठवडे लागतात. त्याला वेगळी वाटी, वेगळं अंथरूण. रोज सकाळी वह्या उघडायच्या आधी मी त्याला खिडकीच्या उजेडात धरतो आणि कानामागं, नाकाजवळ, पंजांवर केस उलटे करून बघतो. परवाच वसमतच्या ट्रकमधून आणखी एक आलंय, काळं, पांढऱ्या मिशांचं. आज त्याचा सहावा दिवस आहे.